पेपरवेटच्या काळातली ऑफिसं

परवा दुपारी साडेतीनच्या सुमाराला आमच्या ऑफिसचा एसी गेला. आधी नुसता घरघरला, मग गप्प झाला, आणि एकदम लक्षात आलं की आपण रोज केवढ्या आवाजात बसतो. पहिली पाच मिनिटं सगळे खुशीत होते. मग खुर्च्यांवरच्या शाली खाली सरकल्या (आमच्याकडे मे महिन्यातही बायका शाल ठेवतात, पुरुष पण ठेवतात पण त्याला जॅकेट म्हणतात), मग कुणीतरी लॅपटॉपचं खोकं फाडून वारा घ्यायला लागलं. अकाउंट्समधले काका, रिटायरमेंटला आलेत, ते शांतपणे उठले आणि काचेच्या भिंतीपाशी जाऊन कडी शोधायला लागले. वरून खालपर्यंत हात फिरवला, डावीकडे, उजवीकडे, खाली वाकून सुद्धा. शेवटी फॅसिलिटीचा पोरगा आला, म्हणाला, "काका, ते फिक्स आहे, उघडत नाही."

"मग धुता कसं?"

"बाहेरून. दोरीवर लटकून."

काका म्हणाले, "म्हणजे वारा घ्यायला दोरीवर जायचं," आणि जागेवर येऊन बसले.

तर माझं एक जुनं खूळ आहे. कुठल्याही ऑफिसच्या बिल्डिंगचं कितीही कौतुक ऐकलं, फोटो पाहिले, अवॉर्ड मिळालंय म्हणून कळलं, तरी मी आधी विचारते की खिडकी उघडते का. उघडत नसेल तर माझ्या लेखी ती बिल्डिंग दहावी नापास. नवरा म्हणतो तुला आर्किटेक्चरमधलं काय कळतं. काही कळत नाही. पण आठ तास आत बसायचं मला असतं ना, आर्किटेक्ट तर फोटो काढून निघून जातो.

खूळ बहुतेक बाबांच्या ऑफिसमुळे लागलं. बाबा फोर्टात एका विमा कंपनीत होते, आणि शनिवारी अर्धा दिवस असायचा तेव्हा मला कधीकधी सोबत न्यायचे. तिसऱ्या मजल्यावर लांबलचक हॉल, उंच छत, वरून लोखंडी दांड्यांवर लोंबकळणारे पंखे, आणि एका बाजूला ओळीनं खिडक्या, लाकडी, माणसापेक्षा उंच, खाली झडपा आणि वर तावदानं. साडेअकरा-बाराला समुद्राकडून वारा सुटायचा की सगळा हॉल फडफडायचा. प्रपोजल फॉर्म, लेजरची पानं, कॅलेंडर, देशपांडेबाईंचा पदर, सगळं. आणि म्हणून प्रत्येक टेबलावर पेपरवेट. मला त्या ऑफिसात दुसरं काही नको असायचं. काचेचे गोल, आत रंगीत फुलं, एकात बुडबुडे, एकात निळी वेटोळी, हेडक्लार्कांचा पितळी होता तो हातात घेतला की थंडगार लागायचा. बाबांचा हिरवा होता, त्याला एका बाजूला टवका गेला होता. मी शेजारच्या टेबलांवरचे गोळा करून आणायचे आणि उन्हात मांडून बसायचे, आणि मागून कुणीतरी ओरडायचं, "अगं माझे फॉर्म उडाले!"

आता पेपरवेट दिसतात का कुठे? कागद गेले म्हणून पेपरवेट गेले असं सगळे म्हणतात. मला ते पटत नाही. कागद तर अजून ढीगभर आहेत, आमच्या एचआरला अजून प्रत्येक गोष्टीची प्रिंट लागते. वारा गेला म्हणून पेपरवेट गेले.

खिडकी ही तिथं मोठी भानगड होती. खिडकीजवळचं टेबल सीनियॉरिटीनं मिळायचं आणि ते मिळालं की घरी येऊन सांगायचे लोक. बाबांना मिळालं तेव्हा आईनं शिरा केला होता. पण मग खिडकीवाल्याची जबाबदारी पण असायची, पावसाची सर आली की उठून झडप लावायची, थांबली की उघडायची, कुणाला खोकला झाला तर अर्धी लावायची, त्यावरून रुसवेफुगवे. कट्ट्यावर ओल्या छत्र्या, धुतलेले डबे पालथे घातलेले, एका कुंडीत तुळस, आणि कबुतरं. कबुतरांचं मी काही चांगलं बोलणार नाही.

ऑफिसातून निघालं की बाबा मला मुद्दाम महात्मा गांधी रोडवरून न्यू इंडिया अ‍ॅश्युरन्सच्या बिल्डिंगसमोरून न्यायचे. ती १९३०च्या दशकातली. भिंतीतून बाहेर आलेली प्रचंड माणसं आहेत तिच्यावर, आपलीच, शेतकरी कष्टकरी. मी त्यांना राक्षस म्हणायचे. बाबा म्हणायचे राक्षस नाहीत ते, पॉलिसी होल्डर आहेत. ती ना. ग. पानसऱ्यांची शिल्पं, आणि बिल्डिंग मास्टर, साठे आणि भूता या फर्मची, हे मला खूप नंतर कळलं. पानसरे, साठे, म्हणजे आर्ट डेको नावाच्या विलायती फॅशनच्या बांधकामात आपली माणसं शिरलेली आणि त्यांनी दारात शेतकरी उभा केलेला. आणि दर्शनी भिंतीवर वरपासून खालपर्यंत ज्या उभ्या पट्ट्या आहेत त्या मला नुसत्या ऐटीच्या वाटायच्या, पण त्या भिंतीच्या पुढे आलेल्या आहेत, तिरपं ऊन त्यांच्यावर अडतं आणि खिडकी मागे सावलीत राहते. मुंबईतल्या त्या काळच्या कितीतरी बिल्डिंगांना खिडकीवर लांबच्या लांब छज्जा असतो तो पण तसाच, ऊन पण अडतं आणि पाऊस सरळ पडत असेल तर खिडकी उघडी ठेवता येते. त्याच्या आधीच्या गोऱ्यांनी पण हे ओळखलं होतं म्हणा. जुनं सचिवालय, १८७४चं, बाहेरून कमानीच कमानी, व्हेनिसहून उचलून आणल्यासारख्या, पण त्या कमानींच्या मागे व्हरांडा आहे, आणि व्हरांड्याच्या मागे साहेब. साहेबाला उकडू नये यासाठी व्हेनिस.

एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्सचं तर मला नेहमी नवल वाटतं. व्हीटी त्याचं, समोरची महापालिका (१८९३) त्याची, चर्चगेटचं पश्चिम रेल्वेचं हेडऑफिस (१८९९) पण त्याचंच. म्हणजे मध्य रेल्वेवाला, पश्चिम रेल्वेवाला आणि वॉर्ड ऑफिसला फेऱ्या मारून दमलेला, तिघांनाही एकाच माणसानं घुमट दाखवला.

मग हे बंद काचेचं कुठून आलं? मी एकदा वाचत बसले होते आणि मला गंमत सापडली. अमेरिकेत बफेलो गावात फ्रँक लॉइड राइटनं १९०६ साली लार्किन नावाच्या कंपनीचं ऑफिस बांधलं, शेजारी रेल्वे, सगळा धूर आणि काजळी, म्हणून त्यानं खिडक्या कायमच्या बंद केल्या आणि हवा यंत्रातून धुऊन आत सोडली. लार्किन कंपनी कशाची? साबणाची. ती बिल्डिंग १९५० मध्ये पाडली. मग १९५२ मध्ये न्यूयॉर्कला लिव्हर हाउस आलं, २४ मजले, निळसर हिरवी काच, एक खिडकी उघडत नाही, आणि काच बाहेरून धुवायला छतावरून खाली सोडायचा पाळणा. लिव्हर कशाचे? पुन्हा साबणाचे! जगभरच्या काचेच्या ऑफिसांनी पुढे त्या लिव्हर हाउसचा कित्ता गिरवला. आता साबणवाल्यांना धूळ नको असणार, चकचकीत काच धुताना लोकांनी रस्त्यावरून बघावं असं पण वाटणार, त्यांचं समजू शकते. पण बाकीच्यांचं काय? आमची कंपनी सॉफ्टवेअरची आहे.

आणि न्यूयॉर्कला थंडी असते हो. तिथं काचेतून आलेलं ऊन कुणाला नको होणार नाही निदान सहा महिने. आपल्याकडे पश्चिमेला सबंध काच लावायची, त्यातून ऊन आत येतं आणि आतच अडकतं, मग ते बाहेर ढकलायला एसी, मग डोळ्यावर तिरीप येते म्हणून ब्लाइंड्स खाली, मग अंधार झाला म्हणून भर दुपारी दिवे चालू. आमच्या ऑफिसचे पडदे मी वर गेलेले फक्त क्लायंट आला की बघितलेत. हिरेवाल्यांना विचारा खिडकीची किंमत, हिऱ्याची पारख उत्तरेच्या उजेडात करायची जुनी रीत आहे त्यांची. सुरतेला डायमंड बोर्स, म्हणजे हिरेवाल्यांच्या ऑफिसांचा बाजार, उघडलं २०२३ मध्ये, नऊ टॉवर, अमेरिकेच्या पेंटॅगॉनपेक्षा मोठं, त्याचं सगळीकडे तेवढंच छापून आलं, पण मला त्यातलं आवडलं ते हे की सगळ्या टॉवरना जोडणारा जो मधला लांब मार्ग आहे तो वारा आत खेचायला म्हणून टोकांना रुंद केलाय. कुणीतरी वाऱ्याचा विचार केला, एवढंच.

नरिमन पॉइंटबद्दल मात्र मी कठोर होऊ शकत नाही. एअर इंडियाची बिल्डिंग (१९७४, आर्किटेक्ट अमेरिकन, जॉन बर्जी) माझ्या खिडकीच्या नियमात बसत नाही, पण लहानपणी मरीन ड्राइव्हवरून रात्री वरचा तो लाल धनुर्धारी दिसला की मुंबईत आल्यासारखं वाटायचं, मुंबईतच राहत असूनही. १९९३च्या बॉम्बस्फोटांत तिच्याही खाली गाडी फुटली होती. आता ती महाराष्ट्र सरकारनं घेतली, १,६०१ कोटींना, म्हणजे तिथंही आता फाइली जाणार. बाकी त्या सगळ्या भागाचं नशीबच गमतीचं आहे. १९२०च्या दशकात बॅकबेला समुद्र बुजवायला जो भराव घालत होते त्यातला गैरकारभार वकील खुर्शेद नरिमन यांनी बाहेर काढला, त्यावरून हार्वे नावाच्या इंजिनियरनं त्यांच्यावर अब्रुनुकसानीचा खटला भरला, ते सुटले, आणि पुढे त्याच भरावाच्या टोकाला नाव दिलं नरिमन पॉइंट. असो.

आणि मग मंत्रालय. माझ्या नियमानं ते पास व्हायला पाहिजे. १९५५चं, साधं, फार देखणं कुणी म्हणणार नाही, पण मधे मोकळा चौक आणि चारी बाजूंनी मजल्यामजल्यावर गॅलऱ्या, खालून वर बघितलं की सहाव्या मजल्यापर्यंत माणसं फाइली घेऊन फिरताना दिसतात. मामांबरोबर एकदा पास काढून गेले होते तेव्हा मान वर करून बघायला लागले तर चौकात आडवी ताणलेली जाळी. मामा म्हणाले, "सर्कशीतल्यासारखी काय लावलीय ही?"

२०१८च्या फेब्रुवारीत लावलीय. त्याआधीच्या महिन्यात धुळ्याकडच्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं जमिनीच्या मोबदल्यासाठी खेटे घालून घालून तिथंच विष घेतलं होतं, आणि मग काही दिवसांत एका माणसानं वरून उडी मारली. मग जाळी आली. मग लोक निषेध म्हणून जाळीवर उड्या मारायला लागले, आणि २०२४च्या ऑक्टोबरात तर विधानसभेचे उपाध्यक्ष नरहरी झिरवाळ स्वतःच तिच्यावर उतरले, टीव्हीवर सगळ्यांनी पाहिलं, हसले पण.

मोकळं असावं, वारा खेळावा, खिडकी उघडावी हे माझं सगळं म्हणणं त्या चौकात उभं राहून मला मोठ्यानं बोलता येत नाही. उद्या कुणी ती जाळी काढा म्हणून अर्ज केला तर मी सही करणार नाही.