सातानंतर आठ

अमेरिकेतल्या एका काउंटीच्या वाहतूक विभागात मी सिग्नलचं काम बघते. चौकातल्या कॅबिनेटमधला कंट्रोलर, म्हणजे दिवे चालवणारं यंत्र, आणि आमच्या कक्षातला सर्व्हर एकमेकांशी एनटीसीआयपी या प्रमाणित भाषेत बोलतात. कंट्रोलर कुठल्याही कंपनीचा असो, पिवळा दिवा किती वेळ हे विचारायचा पत्ता एकच, आणि उत्तर सेकंदाच्या दहाव्या भागात. ३५ आलं की साडेतीन सेकंद. ही भाषा नसती तर प्रत्येक गाव एकेका कंपनीच्या दावणीला बांधलं गेलं असतं.

पण तिच्या खालचा एसएनएमपी, म्हणजे तिचे संदेश नेटवर्कवरून नेणारी पद्धत, आमच्याकडे अजून पहिल्याच आवृत्तीचा होता. एका दुपारी कॅबिनेटमधल्या नेटवर्क स्विचला लॅपटॉप जोडला, तर पासवर्ड म्हणून जाणारा ‘पब्लिक’ हा शब्द पॅकेटमध्ये, म्हणजे नेटवर्कवरून जाणाऱ्या संदेशात, जसाच्या तसा वाचता येत होता. आमचा जुना टेक्निशियन मागे उभा होता. म्हणाला, ‘‘हे वाचायला तुला काहीच करावं लागलं नाही?’’ नाही लागलं. मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ मध्ये रस्तेखात्याची परवानगी घेऊन शंभरेक सिग्नलच्या जाळ्यात असाच शिरकाव करून दाखवला होता. आडव्या-उभ्या दोन्ही रस्त्यांना एकदम हिरवा मिळू नये म्हणून कॅबिनेटमध्ये वेगळं यंत्र असतं, ते सिग्नल लुकलुकत्या लालवर टाकतं. तरी गावभर लाल लुकलुकत असताना रुग्णवाहिका कशी जाणार?

म्हणून काही चौकांवर एसएनएमपीची तिसरी आवृत्ती चढवली; ती पाठवणारा खरा आहे का हे तपासते आणि संदेश कुलूपबंद करू शकते. पंधरा दिवस सगळं सुरळीत होतं.

मग एका संध्याकाळी वादळात वीज गेली. परत आली तेव्हा एक चौक आमच्या पडद्यावर करडाच राहिला, म्हणजे संपर्क नाही. भर पावसात आम्ही तिथे गेलो. दिवे आपल्या ठरलेल्या वेळांनुसार व्यवस्थित चालले होते, पिंगला, म्हणजे नेटवर्कवरच्या ‘आहेस का?’ या हाकेलाही, उत्तर येत होतं, फक्त सर्व्हरशी बोलणं बंद. मी लांबूनच सर्व्हरवरचा प्रोग्राम बंद करून चालू केला आणि चौक पडद्यावर परत आला. मी लॅपटॉप मिटायला लागले.

‘‘दुरुस्त झालं, की नुसतं गप्प बसलं?’’ टेक्निशियनने विचारलं. सिग्नल लुकलुकत्या लालवर टाकून त्याने कंट्रोलरची वीज काढली, पुन्हा दिली. चौक करडा!

मग पॅकेट बघत बसले. तिसऱ्या आवृत्तीत प्रत्येक यंत्र दोन आकडे सांगतं: आजवर किती वेळा सुरू झालो, आणि शेवटचं सुरू झाल्यापासून किती सेकंद झाले. संदेशातली वेळ १५० सेकंदांपेक्षा जास्त चुकली की तो टाकून द्यायचा. कुणी जुना संदेश पकडून ठेवून पुन्हा पाठवला तर चालू नये, म्हणून हा नियम. हे आकडे पॅकेटच्या माथ्यावर उघडेच असतात. वीज जायच्या आधी पहिला आकडा ७ होता. आता पाहिला, तर तोच ७. सेकंद मात्र शून्यापासून मोजायला सुरुवात झालेली. सर्व्हरच्या दृष्टीने हा कालचाच संदेश कुणीतरी आज पाठवत होतं. त्याने विश्वास ठेवला नाही, आणि बरोबरच केलं. मी प्रोग्राम नव्याने चालू केला तेव्हा तो जुनं विसरला होता, म्हणून बोलला.

कंट्रोलर सुरू झाल्यावर हा आकडा एकने वाढवून कायमच्या मेमरीत लिहायचा असतो. हे मानकात स्पष्ट आहे. फर्मवेअरमध्ये, म्हणजे कंट्रोलरच्या आतल्या सॉफ्टवेअरमध्ये, तेवढंच राहिलं होतं, आणि आमच्या स्वीकृती चाचणीत वीज काढून बघायची पायरीच नव्हती. ती चाचणी मी लिहिली होती. त्या रात्री मला झोप लागली नाही. सगळे चौक एकदम बदलले असते आणि असंच वादळ आलं असतं तर?

नवं फर्मवेअर आलं तेव्हा आम्ही टेबलावरच्या कंट्रोलरची वीज तीनदा काढली. मग तीच चाचणी त्या चौकात. टेक्निशियनने कॅबिनेटच्या दाराला आतून कागद चिकटवला आणि पेन्सिलीने एकाखाली एक लिहीत गेला: ८, ९, १०.