यूसी, बोर्डिंग पास आणि दोन व्हीलचेअर

२०२४ च्या पॅरिस ऑलिंपिक-पॅरालिंपिकनंतर व्हॉट्सॲपवर एक हिशेब फार फिरला. ऑलिंपिकच्या तयारीवर सरकारचे सुमारे ४७० कोटी, पदकं ६. पॅरालिंपिकवर सुमारे ७४ कोटी, पदकं २९. मी हिशेबाच्याच धंद्यातला, म्हणून चारचौघांनी तो मलाही पाठवला. आकडे बरोबर आहेत, भागाकार चुकीचा. पॅरालिंपिकमध्ये ५४९ सुवर्णपदकं पणाला होती, ऑलिंपिकमध्ये ३२९. पदकाचा भाव असा काढायचा नसतो. आणि मंजूर कोटी खेळाडूच्या तिकिटापर्यंत कसे पोचतात, हे त्या मेसेजमध्ये नसतंच. ते मी एका राष्ट्रीय महासंघाचे हिशेब सांभाळताना पाहिलं. खेळाचं नाव सांगत नाही. लहान खेळ आहे, लगेच ओळखाल.

सगळं सुरू होतं एसीटीसीपासून, म्हणजे महासंघाच्या सराव-स्पर्धांच्या वार्षिक आराखड्यापासून. वर्षभराची शिबिरं, स्पर्धा, परदेश दौरे, प्रशिक्षक, साहित्य, प्रत्येकापुढे खर्च. मग दिल्लीत क्रीडा प्राधिकरणासोबत बैठक, तिथे ओळ न् ओळ चाळली जाते. रँकिंग काय, गेल्या स्पर्धेत कितवा आला, हे सचिवांना तोंडपाठ असावं लागतं. तेही रास्तच, पैसा जनतेचा आहे.

पण मंजुरी आली म्हणजे पैसे आले असं नाही. आधीच्या रकमेचं उपयोगिता प्रमाणपत्र, आमच्या भाषेत यूसी, जीएफआर १२-ए या सरकारी नमुन्यात गेल्याशिवाय पुढचा हप्ता हलत नाही. अनुदानावर बँकेने व्याज दिलं तर तेही सरकारजमा. इकडे विमानाची तिकिटं आधीच काढावी लागतात. मधल्या काळात ट्रॅव्हल एजंटची उधारी वाढत जाते आणि त्याचा फोन आला की सचिव मोबाइल माझ्या हातात देतात.

त्या वर्षीचा यूसी अडला एका दौऱ्यावर. क्वेरी आली: ‘एका खेळाडूस दोन व्हीलचेअर कशासाठी? जादा सामानाचा खर्च ग्राह्य का धरावा?’ विचारणाऱ्याचा दोष नाही, त्याच्यासमोर फक्त पावती होती. आमच्या खेळाडूची रोजची खुर्ची वेगळी, खेळायची वेगळी. खेळाच्या खुर्चीची चाकं खाली फाकलेली, ब्रेक नाहीत, ती हॉटेलच्या बाथरूमच्या दारातून आतच जात नाही. विमान कंपनीने पहिली फुकट नेली, दुसरीचे पैसे लावले, तेही परकीय चलनात. ते आमच्या खर्चाच्या कुठल्याच हेडमध्ये बसेनात.

त्यातच एस्कॉर्टचा, म्हणजे खेळाडूसोबत गेलेल्या मदतनिसाचा, बोर्डिंग पास. थर्मल कागद तो, फाइल उघडेपर्यंत पांढराफटक. झेरॉक्स काढलेली नव्हती. शेवटी पीएनआर देऊन विमान कंपनीकडून प्रवास केल्याचा दाखला मागवला, तो बऱ्याच मेलामेलीनंतर आला. (ज्यांच्याकडे असे पास पडून असतील त्यांनी आजच फोटो काढून ठेवा.) खुर्च्यांसाठी प्रशिक्षकाचं पत्र आणि दोन्ही खुर्च्या शेजारी ठेवून काढलेला फोटो जोडला. खेळाडूला फोटो मागितला तर म्हणाला, “काका, त्यापेक्षा मीच दिल्लीला येऊन बसून दाखवतो की!”

क्वेरी निघाली, यूसी मंजूर झाला, हप्ताही आला. पण तोवर पुढच्या शिबिराच्या तारखा मागे सरकल्या होत्या. खेळाडूंपैकी कुणी नोकरीत रजा टाकलेली, कुणी परीक्षा सोडलेली.

टॉप्समध्ये, म्हणजे पदकाची आशा असलेल्या खेळाडूंसाठीच्या सरकारी योजनेत, नाव असलेल्यांचं इतकं अडत नाही. कोअर गटाला महिन्याला ५०,००० रुपये भत्ता थेट मिळतो, खास गरजांचा खर्चही त्या योजनेतून होतो. पदकाच्या टप्प्यात आल्यावर सोय बरी आहे. तिथवर पोचणारी पोरं मात्र एसीटीसीच्या भरवशावर असतात, आणि हप्ता लांबला की झळ त्यांनाच. माझं म्हणणं एवढंच: महासंघाला कामगिरीचा जाब जरूर विचारा, पण मंजुरी आणि हप्ता यांत किती महिने गेले, ती तारीखही त्याच तक्त्यात लिहा.

ऑक्टोबर २०२६ मध्ये नागोयाला आशियाई पॅरा स्पर्धा आहेत. या वर्षाच्या एसीटीसीत ‘खेळाची व्हीलचेअर, जादा सामान’ अशी स्वतंत्र ओळच टाकली. बैठकीत त्यावर कुणी चकार शब्द काढला नाही. खालच्या ओळीवर, फिजिओच्या मानधनावर, मात्र चहा गार होईपर्यंत वाद चालला.