बिल्ला 'टी'चा, गाडी कोणाची?

नाकवाल्या जुन्या ट्रकच्या जाळीवर गोलातला 'टी' दिसला की लोक 'टाटा' म्हणून मोकळे होतात. मला ते पटत नाही. टेल्को (आजची टाटा मोटर्स) आणि मर्सिडीज बनवणारी जर्मन डाइम्लर-बेंझ यांचा करार १९५४चा, पंधरा वर्षांचा. त्या काळात टेल्कोच्या जमशेदपूर कारखान्यातून निघणाऱ्या गाड्यांवर मर्सिडीजचा तारा असे. १९६९मध्ये करार संपला, तारा उतरला आणि 'टी' आला. बिल्ला मात्र दोन स्क्रूंचा खेळ.

कराडजवळच्या एका मित्राच्या शेतातली गाडी ओळखायची होती. त्याचे आजोबा तिला कायम 'मर्शिडी' म्हणायचे, जाळीवर मात्र 'टी'. आर.सी. बुकाला वाळवी लागलेली, तरी मेकच्या रकान्यात 'टी.एम.बी.', म्हणजे टाटा-मर्सिडीज-बेंझ, आणि साल १९६६ वाचता आलं. पण कागद या गाडीचाच कशावरून? म्हणून चासीवरचा, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावरचा, नंबर शोधायला बसलो. पुढच्या चाकाजवळ चासीच्या लोखंडी चॅनलवर ग्रीस, माती आणि रंगाचे थरावर थर. फिटर ग्राइंडर घेऊन आला होता, त्याला हात लावू दिला नाही. पंच केलेले आकडे एकदा घासले गेले की गाडीची ओळखच जाते. डिझेलमध्ये भिजवलेली चिंधी, मऊ ब्रश, मग आकड्यांवर कागद धरून पेन्सिल घासली, आरटीओत चासीची प्रिंट घेतात तशी. एकेक आकडा उमटत गेला आणि पुस्तकाशी तंतोतंत जुळला.

इंजिन नंबर जुळला नाही. त्याचं मला आश्चर्य वाटलं नाही. इतक्या वर्षांत गाडीचं इंजिन बदललं जातंच, आणि इंजिनावरून मूळ ठरवायला गेलं की हमखास फसगत होते. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून निघालेले डॉज आणि फार्गो बघा: क्रायस्लरचा एकच ट्रक, नावं दोन, आणि बॉनेट उघडलं तर आत मद्रासच्या सिम्पसनने बनवलेलं ब्रिटिश पर्किन्स इंजिन.

नाकावरूनही साल कळत नाही. हे गोल नाक जर्मनीतल्या १९५३च्या मर्सिडीज एल ३१२ ट्रकचं. तिकडे १९५९मध्ये आखूड नाकाच्या गाड्या आल्या, आपल्याकडे मात्र हेच नाक पुढेही चालू राहिलं.

उरला 'टी'. त्याचा उलगडा मित्राच्या वडिलांनी केला. "अपघातात जाळी गेली, तेव्हा कोल्हापूरच्या बाजारातनं दुसरी आणून बसवली. तिच्यावर हेच हुतं." म्हणजे आजोबांचं म्हणणं खरं होतं: गाडी टाटा-मर्सिडीज, जमशेदपूरची.

मित्राला आता तारा लावायचाय, तो त्याने जरूर लावावा. पण जर्मन फोटो बघून केबिनही बदलायची, असं त्याच्या मनात आहे. त्याला माझा साफ विरोध आहे. आपल्याकडे ट्रक बहुतेक चासी आणि काउल (बॉनेटसकट पुढचा भाग) एवढाच विकला जायचा; केबिन आणि हौदा इथले मिस्त्री लाकूड-पत्र्यात बांधायचे. दारावरची ती सागवानी पट्टी जर्मनीत कधी नव्हतीच. ती याच गाडीची आहे, आणि पॉलिश करून तिथेच राहायला हवी.