खोली मिळाली, कॉट नव्हती

लंडनच्या एका बरो कौन्सिलमध्ये, म्हणजे शहरातल्या एका विभागाच्या स्थानिक पालिकेत, मी बेघर झालेल्या कुटुंबांना तात्पुरती जागा शोधून देण्याचं काम करते. ऑफिसात आम्ही त्याला नुसतं 'टीए' (टेम्पररी अकोमोडेशन) म्हणतो. शुक्रवारची दुपार हा आमचा सगळ्यात वाईट वेळ. जागा पुरवणारे बहुतेक एजंट पाचला ऑफिस बंद करतात ते थेट सोमवारी उघडतात, आणि लंडनमधल्या सगळ्याच कौन्सिलांचे लोक तेव्हा त्याच मोजक्या एजंटांना फोन लावत असतात.

२०२४ च्या नोव्हेंबरातल्या अशाच एका शुक्रवारी एक बाई काउंटरवर आल्या. केअर होममध्ये रात्रपाळी करणाऱ्या, तेव्हा बाळंतपणाच्या रजेवर. सोबत शाळेच्या गणवेशातली सात वर्षांची मुलगी आणि बाबागाडीत चार महिन्यांचा मुलगा. बाबागाडीच्या दोन्ही बाजूंना काळ्या प्लास्टिकच्या पिशव्या लटकवलेल्या. सकाळी बेलिफ, म्हणजे घर रिकामं करून घेणारा कोर्टाचा माणूस, येऊन कुलूप बदलून गेला होता. भाडं थकलेलं नव्हतं, तक्रार नव्हती. मालकाला घर विकायचं होतं म्हणून त्याने कलम २१ ची नोटीस दिली होती. कारण न सांगता दोन महिन्यांच्या मुदतीने घर रिकामं करायला लावणारी ही नोटीस. (नव्या कायद्याने हे कलम संपण्याची तारीख १ मे २०२६ ठरवली. या बाईंना त्याचा काय उपयोग!)

इथे एक गोष्ट बोलायलाच हवी. नोटीस आल्यावर भाडेकरू कौन्सिलकडे येतो तेव्हा त्याला बऱ्याच ठिकाणी तोंडी सांगितलं जातं, "बेलिफ येईपर्यंत घर सोडू नका." कौन्सिलांनी लक्षात घ्यायची जी सरकारी मार्गदर्शिका आहे, तिच्यात नेमकं याच्या उलट लिहिलं आहे, की बेलिफ येईपर्यंत राहणं वाजवी धरू नये. पण जागाच नसतात, म्हणून दिवस पुढे ढकलले जातात. मला याचा मनापासून राग येतो. कोर्टाचा खर्च भाडेकरूच्या अंगावर पडतो, मुलांच्या डोळ्यांदेखत कुलूप बदललं जातं आणि ज्या कामाला आम्हाला महिना-दोन महिने मिळायला हवेत ते अर्ध्या दिवसावर येतं.

कायदा तसा स्पष्ट आहे. १९९६ च्या हाउसिंग ॲक्टच्या कलम १८८ प्रमाणे कुटुंब बेघर असावं, मदतीस पात्र असावं आणि प्राधान्यगटात असावं असं मानायला जागा असली की ताबडतोब निवारा द्यायचा. चौकशी नंतर. घरात लहान मूल असलं की प्राधान्य आलंच. तेव्हा या बाईंना जागा द्यायची की नाही हा प्रश्नच नव्हता. प्रश्न कुठे, एवढाच.

आमची स्वतःची हॉस्टेलं भरलेली. मग रात्रीच्या दराने जागा देणाऱ्यांची यादी. स्वयंपाकाची सोय असलेला एक स्टुडिओ, म्हणजे एका खोलीचा फ्लॅट, निघाला. मी कुटुंबाची माहिती ईमेलने पाठवते तोवर दुसऱ्या कौन्सिलने तो घेतला. दुसरा तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आणि बाईंचं सिझेरियन झालेलं. तो मी सोडला. या जागांसाठी केंद्राकडून मिळणारी रक्कम आजही जानेवारी २०११ च्या भाडेदराच्या ९० टक्क्यांना बांधलेली आहे. वरचे सगळे पैसे कौन्सिलच्या तिजोरीतून जातात, म्हणून प्रत्येक बुकिंगला दर बघावाच लागतो. मार्च २०२५ अखेर इंग्लंडमध्ये १ लाख ३१ हजारांवर कुटुंबं अशा तात्पुरत्या जागांत होती, त्यातली निम्म्याहून जास्त एकट्या लंडनची. त्या गर्दीत शुक्रवारी साडेचारला आम्हाला मिळाली ती शेजारच्या बरोपलीकडच्या एका हॉटेलातली खोली. स्वयंपाकघर नाही, किटली तेवढी. मुलं असलेल्या कुटुंबाला अशा ठिकाणी ठेवणं कायदा योग्य मानत नाही. दुसरं काहीच मिळत नसेल तर जास्तीत जास्त सहा आठवडे चालवून घेतो.

मी बुकिंगवाल्याला विचारलं, "बाळाची कॉट आहे ना खोलीत?" (कॉट म्हणजे बाळाला एकटं झोपवायचा कठड्याचा छोटा पलंग.)

"दोन होत्या, दोन्ही दिल्यात. डबल बेड आहे मॅडम, बाळ आईजवळ झोपेल. सगळे तसंच करतात."

हे वाक्य मला ओळखीचं होतं. आमच्याकडे गिरगावच्या चाळीत बाळं आईच्या कुशीतच झोपली, मीही झोपले. पण घरातली टणक गादी, खाली जमीन आणि भोवती दहा माणसं ही एक गोष्ट, आणि हॉटेलची मऊसूत गादी, चार उशा, जाड रजई, आणि पहाटेपासून उभी असलेली थकून गेलेली आई ही वेगळी गोष्ट. आमच्या भागातल्या एका हेल्थ व्हिजिटरने, म्हणजे लहान मुलांच्या घरी भेट देणाऱ्या नर्सने, टीमला हे नीट समजावलं होतं. तान्ह्याला उताणं, सपाट आणि घट्ट पृष्ठभागावर, स्वतंत्र झोपवायचं. जवळ उशी नको, रजई नको. इंग्लंडमधल्या प्रत्येक बालमृत्यूची नोंद ठेवणाऱ्या नॅशनल चाइल्ड मॉर्टॅलिटी डेटाबेसच्या आकड्यांप्रमाणे एप्रिल २०१९ ते मार्च २०२४ या ५ वर्षांत ७४ मुलांच्या मृत्यूंमागे तात्पुरत्या निवाऱ्यातलं राहणं हा हातभार लावणारा एक घटक म्हणून नोंदला गेला. त्यातली ५८ एक वर्षाच्या आतली होती. २०२४ मध्ये मार्गदर्शिकेत दोन वर्षांखालच्या मुलांना कॉट मिळेल हे कौन्सिलने पाहावं, अशी भर घातली गेली ती याच काळजीतून.

मी बुकिंग पक्कं केलं नाही. मॅनेजर माझ्या टेबलाशी आला. "पाच वाजायला आलेत. ही खोली गेली तर आज रात्री त्यांना कुठे पाठवणार आहेस?"

"खोली घेऊ या. पण कॉट हातात आल्याशिवाय मी त्यांना इथून पाठवणार नाही."

तो चांगला माणूस आहे. त्यानेही या खुर्चीत बरीच वर्षं काढली आहेत. तरी क्षणभर त्याचा चेहरा कठीण झाला, कारण काउंटरपलीकडे अजून तीन कुटुंबं बसली होती. चिल्ड्रन्स सेंटर बंद झालं होतं. बाळांचं सामान गोळा करून वाटणाऱ्या संस्थेतल्या बाईंनी फोन उचलला, पण त्यांच्याकडची शेवटची कॉट आदल्याच दिवशी गेली होती. शेवटी मॅनेजरनेच खरेदीचं कार्ड काढून दिलं. ऑफिसपासून चालत जाण्याच्या अंतरावर आर्गोसचं दुकान होतं, तिथे घडीची कॉट मिळत होती. किंमत त्या खोलीच्या एका रात्रीच्या भाड्यापेक्षा कमी!

टॅक्सीत पुढे मी कॉट मांडीवर घेऊन बसले, मागे तिघं. मुलगी सारखी खिडकीतून स्टेशनांची नावं वाचत होती. मग तिने विचारलं, "सोमवारी शाळेत कसं जायचं?" मी रस्ता सांगितला: दोन बस, सकाळी सव्वासातला निघायचं. तिने आईकडे पाहिलं. आई म्हणाली, "जाऊ या आपण." तिच्या वयाच्या मुलांना लंडनच्या बसमध्ये तिकीट लागत नाही. आईला लागतं, रोज चार वेळा, कारण मुलीला सोडून बाळासह हॉटेलवर परत यायचं आणि दुपारी पुन्हा न्यायला जायचं.

खोलीत पलंग, टेबल आणि खुर्ची सोडून जेमतेम चालायला वाट होती. खुर्ची बाहेर ठेवली, टेबल खिडकीशी सरकवलं. घडीच्या कॉटच्या चारही बाजू आधी वर ओढून खटका बसवायचा असतो आणि मधला भाग सगळ्यात शेवटी खाली दाबायचा. तो आधी दाबला की बाजू बसतच नाहीत. बाईंना ते माहीत होतं, मुलीच्या वेळी वापरलेली. त्यांनी भराभर खटके बसवले, गादी पसरली, हाताने दाबून पाहिली आणि म्हणाल्या, "फार कडक आहे हो. रडेल तो."

"रडेल थोडा. पण ती तशीच असायला हवी." मग मी हेल्थ व्हिजिटरचं सगळं पुन्हा सांगितलं. त्यांनी मध्येच थांबवलं. "हे माहीत आहे मला. घरी त्याची कॉट होती. सकाळी ती वर राहिली, बेलिफने आणू दिली नाही. दुपारभर मी तेच कोणाला सांगावं हे बघत होते."

कुटुंबाचं सामान हरवायची किंवा खराब व्हायची भीती असेल तर ते सांभाळण्याची जबाबदारीही याच कायद्याने कौन्सिलवर टाकली आहे. त्या वाक्यानंतर मी तिथूनच मॅनेजरला फोन केला. सोमवारी मालकाशी बोलून आमच्या कंत्राटदाराने घरातलं सामान गोदामात हलवलं. तोवर पलंग, शिवणयंत्र, मुलीची पुस्तकं सगळं बंद दाराआड होतं.

आमच्या बुकिंगच्या फॉर्मवर आता दोन वर्षांखालच्या मुलांसाठी वेगळा रकाना आहे. एजंटाने 'हो' म्हटलं एवढ्याने तो भरत नाही, खोलीत कॉट कोणी पाहिली त्याचं नाव लिहावं लागतं. दोन-तीन एजंट कुरकुरले, मग त्यांनीच कॉट घेऊन ठेवल्या. माझं म्हणणं एवढंच आहे की कायद्यातला 'योग्य निवारा' कागदावर ठरत नाही. तो त्या खोलीत रात्री नऊ वाजता बाळ कुठे झोपतं आणि सकाळी मुलगी किती वाजता उठते यावर ठरतो, आणि हे विचारायला दोन मिनिटं लागतात.

त्या कुटुंबाला सहा आठवड्यांच्या आत आम्ही बरोमध्येच, शाळेला चालत जाता येईल अशा दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये हलवलं. चौकशी पूर्ण होऊन कौन्सिलने त्यांच्या घराची मुख्य जबाबदारी मान्य केली. पण तो फ्लॅटही तात्पुरताच आहे. कौन्सिलच्या घरासाठी त्यांचं नाव यादीत आहे, आणि दोन बेडरूमच्या घराला आमच्याकडे वर्षानुवर्षं लागतात. बाई रात्रपाळीवर परत गेल्या. फ्लॅटच्या बाथरूममधल्या बुरशीबद्दल त्यांचा फोन आला होता, तो मी दुरुस्तीवाल्यांकडे दिला आहे आणि दर आठवड्याला विचारते आहे.