तयार लिंका मिळतात, तरी घरी का बनवता?

ओहोटीच्या वेळी मुंबईत बँडस्टँडच्या खडकांवर रिमोटचा क्रॉलर घेऊन गेलं की कुणी ना कुणी विचारतंच: सस्पेन्शन लिंकांचे तयार सेट मिळतात, मग तुम्ही सळया कापून, आटे पाडून घरी कशाला बनवता? छंदाला नव्याने लागलेली मुलंही हेच विचारतात. तिथे उभ्या उभ्या नीट सांगता येत नाही. म्हणून इथे सविस्तर लिहिते.

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. आरसी रॉक क्रॉलर म्हणजे दगडांवरून अगदी सावकाश चढणारी रिमोटची गाडी, बहुतेकदा १:१० मापाची. तिचा प्रत्येक अ‍ॅक्सल (डाव्या-उजव्या चाकांना जोडणारा आस) चॅसिसला, म्हणजे सांगाड्याला, चार दांड्यांनी धरलेला असतो, दोन खाली आणि दोन वर. पुढे कधीकधी वरची एकच असते आणि जोडीला आडवा पॅनहार्ड बार, अ‍ॅक्सलला डावीउजवीकडे सरकू न देणारा. या दांड्या म्हणजे लिंका. दोन्ही टोकांना रॉड एंड, त्यात फिरती गोळी, गोळीतून ३ मिमीचा स्क्रू. गाडीचा भार शॉक पेलतात. अ‍ॅक्सल नेमका कुठे राहील आणि किती कलेल, हे लिंकांच्या लांबीवर ठरतं.

तयार सेटची लांबी कारखान्याने त्याच्या गाडीसाठी ठरवलेली असते. अ‍ॅक्सियल कंपनीच्या एससीएक्स१० टू या क्रॉलरचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, ३१३ मिमी. मला त्याच सांगाड्यावर जिप्सी उभी करायची होती. खऱ्या जिप्सीचा व्हीलबेस २३७५ मिमी, म्हणजे १:१० मापात साधारण २३८. फरक पाऊणशे मिमीचा. एवढी सगळी घट लिंकांतूनच काढली तर त्या फार आखूड होतात. आखूड लिंकचा कोन अ‍ॅक्सल जरा वरखाली झाला तरी झपाट्याने बदलतो, आणि चाक वर जाता जाता पुढेमागे सरकतं. म्हणून चॅसिसचे रेलही (दोन बाजूंच्या लांब पट्ट्या) कापावे लागतात आणि आठही लिंकांची मापं नव्याने काढावी लागतात. अशा गाडीचा सेट कुठे मिळणार?

पण जिप्सी नसती तरी मी वरच्या लिंका स्वतःच बनवल्या असत्या. मला या कामातला सगळ्यात मोलाचा भाग तोच वाटतो. मागची वरची लिंक लांब केली की अ‍ॅक्सलचा माथा मागे ढकलला जातो आणि पिनियनचं नाक (मोटरकडून येणारा शाफ्ट अ‍ॅक्सलला जिथे जोडतो तो भाग) वर उचललं जातं. आखूड केली की नाक खाली जातं. पुढच्या अ‍ॅक्सललाही वरची लिंक लांब केली की पिनियन वर येतो आणि शाफ्टचा सांधा सरळ होतो, पण त्याच वेळी कॅस्टर (चाक ज्या आसाभोवती वळतं त्याचा मागे असलेला कल) कमी होतो आणि स्टिअरिंग आपोआप सरळ होण्याची ओढ मंदावते. एक कमावलं की दुसरं थोडं सोडावं लागतं. किती सोडायचं हे तुमचे दगड ठरवतात. एम३ (३ मिमी व्यासाच्या) आट्याची पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, ०.५ मिमी असते, म्हणजे रॉड एंडला एक फेरा दिला की लांबी अर्धा मिमी बदलते. एका टोकाला डावे, म्हणजे उलट्या दिशेचे, आटे पाडले तर लिंक न सोडताच हे करता येतं.

दुसरी गोष्ट उभ्या चढाची. गाडी बाजूने पाहा आणि मागच्या वरच्या व खालच्या लिंकांच्या रेषा मनात पुढे वाढवा. त्या अ‍ॅक्सलच्या जितक्या जवळ भेटतील तितकी थ्रॉटल दिल्यावर गाडीची मागची बाजू वर उचलली जाते. ती फार उचलली गेली तर चढावर चाकं पकड सोडून उड्या मारू लागतात. वरच्या लिंकचं चॅसिसकडचं टोक एक भोक वर घेतलं की रेषा लांब जाऊन भेटतात आणि मागची बाजू शांत होते. मात्र भोक बदललं की अंतर बदलतं, अंतर बदललं की पिनियनचा कोन बिघडतो, म्हणजे पुन्हा नवी लांबी हवी. ठरावीक मापाच्या लिंका असल्या की हा प्रयोग पहिल्याच पायरीवर थांबतो.

बनवणं फारसं अवघड नाही. मुंबईच्या गुलालवाडीतल्या धातूबाजारात ६ मिमीची सळई मिळते. एम३ साठी २.५ मिमीचं भोक आणि मग आटे पाडायला टॅप. भोक अगदी मधोमध पडायला हवं, म्हणून ते मी लेथवर पाडून घेते, हाताच्या ड्रिलने नाही. लांबी सळईची मोजायची नाही, एका गोळीच्या मध्यापासून दुसऱ्या गोळीच्या मध्यापर्यंत मोजायची. फळीवर दोन स्क्रू ठोकून फर्मा करा आणि डाव्या-उजव्या लिंका त्यावरच जुळवा, नाहीतर अ‍ॅक्सल तिरका बसतो.

धातूचं म्हणाल तर खालच्या लिंका मी स्टेनलेसच्या करते. १०० मिमीचा ६ मिमी जाडीचा तुकडा अ‍ॅल्युमिनियमचा असेल तर साधारण ८ ग्रॅम भरतो, स्टेनलेसचा २३. चारही खालच्या लिंका स्टेनलेसच्या केल्या की साठेक ग्रॅम वजन तळाशी मिळतं आणि कडेवर गाडी सहसा कलंडत नाही. वरच्या मात्र अ‍ॅल्युमिनियमच्याच, कारण उंचावर वजन नको. समुद्रकाठी एक काळजी घ्यावीच लागते: खारं पाणी लागलं की स्टीलच्या स्क्रूभोवतीचं अ‍ॅल्युमिनियम झिजतं, पांढरी भुकटी धरते आणि आटे जाम होतात. घरी आल्यावर गोड्या पाण्याने धुणं, वाळवणं आणि आट्यांना ग्रीस, यात कधी टाळाटाळ करू नका.

सुरुवात करणार असाल तर आठही लिंकांच्या मागे लागू नका. मागच्या वरच्या दोनच बनवा, एका टोकाला डावे आटे ठेवून. शॉकच्या स्प्रिंग काढा, अ‍ॅक्सल हाताने पूर्ण वर दाबा, मग पूर्ण खाली सोडा, एकदा एकच चाक उचला. दर वेळी शाफ्ट हाताने फिरवून बघा. कुठे अडकला तर अर्धा फेरा द्या आणि पुन्हा फिरवा. तो सगळीकडे मोकळा फिरला की स्प्रिंग चढवा आणि मगच गाडी दगडावर न्या.