बिलामागचे चार आकडे

2017 ची दिवाळी नुकतीच सरली होती. मी तेव्हा पुण्यात एका बँकेत कार्डांच्या तक्रारी बघायचे. त्या सोमवारी टेबलावर नऊ तक्रारी, सगळ्या एकाच छापाच्या: दिल्लीतल्या एटीएममधून रात्री 11.57 ला पैसे गेले, 12.03 ला पुन्हा गेले. बारा वाजले की दिवसाची मर्यादा नव्याने सुरू होते, हे चोरांना आमच्या ग्राहकांपेक्षा जास्त पाठ असतं. कार्डं मात्र ज्याची त्याच्या पाकिटात.

स्टेटमेंटं पसरली आणि हायलायटर घेऊन बसले. मला वाटलं पेट्रोल पंप निघेल (आमचा पहिला संशय कायम पंपावरच). निघालं कपड्यांचं दुकान. नवापैकी आठ जणांनी तिथे खरेदी केलेली.

पोलिसांबरोबर गेलो. स्वाइप मशीन नीट होतं. गल्ल्याखाली मात्र काडेपेटीएवढा काळा स्किमर सापडला. कार्ड आधी त्यात घासायचं, मग मशीनमध्ये. पट्टीवरचा नंबर, मुदत सगळं त्यात उतरतं. तेच कोऱ्या कार्डावर चढवलं की जुळं तयार. आमची बरीच कार्डं तेव्हा बिनचिपचीच होती.

पण पिन? आम्ही छतावर कॅमेरा शोधत होतो. हवालदारांनी सहज बिलबुक उलटलं. दुकानाच्या कॉपीमागे पेन्सिलीने चार-चार आकडे.

"मशीनची वायर आखूड आहे, मॅडम," गल्ल्यावरचा पोरगा म्हणाला. "पिन सांगा म्हटलं की सांगतात."

दुसऱ्या दिवशी आठांपैकी एक काका आले. पोस्टातून निवृत्त, 38 हजार गेलेले. फॉर्मवर रकाना होता: पिन कुणाला सांगितला होता का? त्यांनी ठसठशीत 'हो' लिहिलं. जुलैतच रिझर्व्ह बँकेचं परिपत्रक आलं होतं. पिन सांगणं हा ग्राहकाचा निष्काळजीपणा, बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान त्याचं. मी पेन हातात धरून नुसतीच बसले.

"काका, नक्की आठवतंय ना?"

"आठवतंय म्हणजे? चांगला मोठ्याने सांगितला होता."

त्याच परिपत्रकात पुढे एक ओळ होती: निष्काळजीपणा असला तरी बँक आपल्या अधिकारात हे नुकसान माफ करू शकते. ती अधोरेखित केली, बिलबुकाचे फोटो जोडले आणि फाइल वर पाठवली. साहेब कुरकुरले. दोनदा परत आली.

जानेवारीत काकांचे पैसे जमा झाले. उरलेल्या सात जणांनी त्या रकान्यात 'नाही' लिहिलं होतं. त्यांचे नोव्हेंबरातच झाले होते.