घरपट्टीची नोटीस आली की आधी टेप काढा

चार वर्षांनी आकारणी बदलली की साताऱ्यात काय, सांगलीत काय, पहिली मागणी एकच असते: वाढीला कायमची मर्यादा घाला. कॅलिफोर्नियात लोकांनी ती स्वतः घालून घेतली. सह्या गोळा करून प्रस्ताव मतपत्रिकेवर आणला आणि जून १९७८ मध्ये 'प्रपोझिशन १३' मंजूर झालं. कर मूल्याच्या १ टक्क्यापर्यंत, आणि घर विकलं जाईपर्यंत करासाठी धरायचं मूल्य वर्षाला २ टक्क्यांहून जास्त वाढवायचं नाही. याची दुसरी बाजू अशी, की एकाच गल्लीतल्या सारख्या दोन घरांत नवा मालक जुन्या मालकाच्या कितीतरी पट कर भरतो. प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं, तिथेही १९९२ मध्ये ही पद्धत टिकली.

आपल्याकडे असं मतदान नाही. दर सभागृहात ठरावाने ठरतो, मूल्य अधिकारी ठरवतो. दराबद्दल नगरसेवकाला धरायचं, तेही ठराव होण्याआधी. नोटीस हातात पडल्यावर आपल्या हाती उरतं ते मूल्य, आणि तिथेच खरी गंमत आहे.

करयोग्य मूल्य काढायची रीत साधी आहे: क्षेत्रफळ गुणिले दरमहा भाडेदर गुणिले १२, त्यातून दुरुस्तीपोटी १० टक्के वजा. उदाहरणापुरतं, भाडेदर चौरस मीटरला ८ रुपये आणि सर्व कर मिळून २४ टक्के धरू. ६० चौरस मीटरच्या घराचं वार्षिक भाडं ५७६० रुपये, वजावटीनंतर ५१८४, कर १२४४. आता मोजणाऱ्याने बाहेरचा जिना आणि उघडी गॅलरी आत धरून ७२ लिहिले, तर कर १४९३. दर तोच, तरी वीस टक्के वाढ, आणि ती पुढच्या आकारणीपर्यंत दरवर्षी. म्हणून आधी टेप. मंजूर नकाशातलं क्षेत्रफळ चौरस फुटांत असेल तर १०.७६४ ने भागा.

मग बांधकामाचा प्रकार बघा. जुनं दगडमातीचं, पत्र्याचं घर आरसीसी म्हणून चढलेलं असतं. बांधकामाचं वर्ष चुकलं तरी दर बदलतो. सगळ्यात महाग पडते ती वापराची चूक: वरच्या मजल्यावर राहणं आणि खाली दुकान असेल तर आख्खी मिळकत बिगरनिवासी लावून टाकतात. ही चूक ओळखायची खूण बिलातच असते. रोजगार हमी कर निवासी वापरावर लागत नाही. तुम्ही नुसतं राहता आणि त्या रकान्यात आकडा दिसतोय, म्हणजे नोंद चुकली.

हरकतीत "वाढ अन्यायकारक आहे" एवढंच लिहिलेला अर्ज सुनावणीत दोन मिनिटांत निकाली निघतो, आणि तसे अर्ज गठ्ठ्याने येतात. संघटनेने छापून वाटलेल्या एकसारख्या अर्जांचंही तेच होतं. त्यापेक्षा मिळकत क्रमांक, नोंदीत काय आहे, प्रत्यक्षात काय आहे, पुरावा कोणता, एवढ्या चार गोष्टी लिहा. सोबत मंजूर नकाशा किंवा भोगवटा प्रमाणपत्र, मागची पावती, वीजबिल (घरगुती जोडणी दाखवायला) आणि चारही बाजूंचे फोटो. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. मुदत नोटिशीवर छापलेली असते, ती धरूनच अर्ज द्या. सुनावणीला फेरमोजणी मागा आणि ती होताना स्वतः हजर राहा.

निकाल पटला नाही तर सांगली-मिरज-कुपवाडसारख्या महापालिकेत न्यायाधीशांकडे अपील करता येतं. त्याची मुदत फक्त १५ दिवस, आणि वादातली रक्कम आधी भरावी लागते. साताऱ्याची नगरपरिषद वेगळ्या कायद्याखाली चालते, त्यामुळे सांगलीतल्या पाहुण्याचा अर्ज उतरवून काढलात तर कलमंच चुकतील. २०२० च्या हद्दवाढीत आलेल्या शाहूपुरीसारख्या भागात ग्रामपंचायतीचा घरपट्टी आकारणीचा जुना उतारा (नमुना आठ) जपून ठेवा, बांधकामाचं वर्ष दाखवायला तोच कामी येतो.

आणि हरकत दिली म्हणून बिल थांबत नाही. थकलेल्या रकमेवर महिना २ टक्के शास्ती, म्हणजे दंड, चढते. भरताना "हक्क राखून भरणा" असं पत्र जोडा आणि त्याचीही पोहोच घ्या.